सरकीची गादी आणि अकोल्याची वाट

आमची दमणी (छप्पर घातलेली हलकी बैलगाडी) अमरावतीहून निघाली, तेव्हा तिचा आतला थाट पाहून एखाद्या नबाबाचा मेणाही लाजून आडोशाला गेला असता. तो सगळा थाट मी स्वतःच्या हातानं केला होता. सुताराला अंगणातसुद्धा येऊ दिलं नाही. पानाच्या डब्यासाठी फळी, पाण्याच्या गडव्यासाठी कडं, वर कंदिलाचा आकडा आणि खाली हातभर जाडीची गादी. खिळे इतके ठोकले की लाकूड शोधावं लागत होतं.

एवढी उठाठेव गोदाआत्यासाठी. अकोल्याच्या मथुराआत्यानं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या लग्नात हिच्या पुरणपोळीला गोधडी म्हटलं. तेव्हापासून दोघींचा अबोला. आता थोरलीनंच निरोप धाडला, ‘एकदा येऊन जाय.’ गोदाआत्या निघाली खरी, पण कंबर धरलेली आणि मन त्याहून जास्त धरलेलं. आगगाडीला तिनं साफ नकार दिला.

“मधातच माहं मन फिरलं त आगगाडी मागं फिरवता येते काय?”

ती एकदा मागं फिरली असती, तर या जन्मी पुन्हा निघाली नसती. म्हणून तिला धक्का लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

बडनेऱ्याच्या अलीकडेच पहिला खड्डा आला आणि फळी सुटली. डबा आत्याच्या मांडीवर, चुना माझ्या मानेवर, सुपाऱ्या रस्ताभर.

“फिरव गाडी, पोट्ट्या!”

“आत्या, खिळा जरासा लाजला. आता दोरीनं आवळतो.”

अशी आवळली की छपराची कमान वाकली, पण फळी हलली नाही. पुढं दोन्ही अंगांना कपाशी फुटली होती. काळ्या रानावर कुणी दह्याची हंडी उपडी केल्यासारखी. आत्या गादीवर पडून ते बघत होती. मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कार उरकून घेतला.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या अलीकडे विहिरीवर थांबलो. सुलतान आणि वजीर ही बैलजोडी गाडीच्या मागं बांधली. तिथं भाजी विकणाऱ्या एका माळणीनं कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत वाढलं. भरीत असं जहाल की डोळ्यांतल्या पाण्यानं हात धुता आले असते. एवढ्यात माळीण ओरडली,

“अवो भाऊ, तुमचे बैल अंथरूण खाऊन राहिले!”

पाहतो तर दोघांची मुंडकी गाडीत. सुलतानला कापसाची पांढरी दाढी फुटलेली आणि तो डोळे मिटून रवंथ करतोय, एखाद्या तपस्व्यासारखा. गादीत मी कापूस वेचला तसाच भरला होता, सरकीसकट (बियांसकट). सरकी काढत कोण बसतो? आणि वऱ्हाडचा बैल सरकीसाठी घर सोडील.

“गादी शिवली का बैलायची पंगत मांडली?” माळीण हसून हसून ओट्यावर बसली. “आता बाईले काय झोळीत निजवता?”

आत्यानं गादीची रिकामी खोळ पाहिली. ती म्हणणार, ‘फिरव,’ म्हणून मी मान खाली घातली. पण तिनं गाठोडं सोडलं आणि एक नवंकोरं लुगडं काढलं.

“मथुरेसाठी घेतलं होतं. बांध याची झोळी. घरातली सारी पोट्टी मी झोळीतच निजवली, मले काहून नाई चालत?”

कमानींना लुगडं दुहेरी बांधलं. आत्या त्यात शिरली, आणि पुढचा एकही खड्डा तिच्यापर्यंत पोचला नाही. खड्डे खाली माझ्यावर आदळत राहिले.

अकोल्यात दारापुढं गाडी उभी केली. मथुराआत्या बाहेर आली, तिनं गाडीचा पडदा सारला. माझा श्वास कुठं गेला ते मला अजून सापडलेलं नाही.

“हे लुगडं तुह्याचसाठी आणलं होतं,” झोळीतून बारीक आवाज आला.

“मंग त्यात तूच काहून बसली वं?”

असं म्हणून थोरलीनं झोळीला हात लावला आणि एक झोका दिला. मग दुसरा. मग दोघी रडल्या, आणि मी बैल सोडायच्या निमित्तानं लांब गेलो.

परतताना मथुराआत्याही अमरावतीला यायला निघाली. मी दुसरी झोळी बांधली, त्यामुळं मला बसायला जागाच उरली नाही. अकोल्यापासून बैलांच्या शेजारून चालत आलो. पाय सुजून ढोलासारखे झाले. आत दोघी इतक्या वर्षांचं साठलेलं बोलत होत्या, एकमेकींचं बोलणं तोडत होत्या, मधेच खिदळत होत्या. घर जवळ आलं तशी बैलांनी पावलं उचलली. मी कासरा ओढून धरला आणि त्यांना म्हटलं, हळू रे बाबांनो, अजून त्यांचं बोलणं व्हायचंय.