समेटाचा नारळ

"हात समोर!" ही तिची सवय. भाजीवाला पिशवी काढायला वाकला तरी ती हेच म्हणायची, आणि बिचारा दोन्ही हातांत गवार धरून उभा राहायचा. आमच्या बमरोलीच्या गल्लीतली पोरं तिला बघून मुद्दाम हात वर करायची. मग तीही हसायची.

मिल कामगाराची मुलगी, फौजेतल्या पोलिसांत भरती झालेली. ट्रेनिंग संपवून आली तेव्हा मिलच्या कामासाठी इथे येऊन राहिलेल्या आम्ही खानदेशी मंडळींनी उघड्या जीपमधून तिची मिरवणूक काढली होती. मी तिची शेजारीण. साड्यांना लेस लावायचं काम टाकून कंबर दुखेपर्यंत नाचले होते.

यंदा ती आली ती मनगटाला प्लास्टर घालून.

"पडलीस का गं?"

"पाडायला आला होता, काकू. पडला तोच."

मग एका दुपारी माझ्या मशीनपाशी बसून तिने सगळं सांगितलं. तिच्या वरचा सुभेदार. आधी मेसेज, मग ड्युटी लावताना पाठीवरून हात, नाही म्हटलं की सुट्टी रद्द. शेवटी त्याने तिला स्टोअरमध्ये गाठलं, कडी लावली, तोंड दाबलं, शर्ट फाडला. तिने डोकं हाणून त्याचं नाक फोडलं. ती कडी काढून निसटत होती तेव्हा त्याने तिच्या मनगटावर दार आपटलं. हाड मोडेपर्यंत आपटत राहिला. तिने तक्रार केली. त्यानेही केली, वरिष्ठावर हात उचलला म्हणून. आता चौकशीत तिची साक्ष बाकी होती. त्या माणसाला मिलच्या बॉयलरमध्ये घालावं असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

आमच्या लोकांची खोड तुम्हाला माहीत असेल. भांडण बांधाचं असो की सासर-माहेरचं, चार माणसं बसवायची, चहा पाजायचा, पाहुण्याला टोपी-टॉवेल द्यायचा आणि नारळ फोडून विषय मिटवायचा. सुभेदार निघाला खानदेशातलाच. त्याच्या नातलगांनी तिच्या वडिलांना फोन केला, आणि त्या भोळ्या माणसाने फौजेच्या चौकशीचीही घरात बैठक बसवली.

तो आला, नाकावर पट्टी लावून. रिवाजाप्रमाणे वडिलांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल घातला. मी चहा घेऊन आले होते, त्याचा कप तेवढा ट्रेमध्येच ठेवला.

"मिटाडी टाक, माय," तिची आई लेकीला म्हणाली. "पोरनी जात शे."

तो गोड हसला. "बेटी, तू तक्रार मागे घे, मीही घेतो."

"नाही."

"फौजेत बायका कशाला येतात, सगळ्यांना ठाऊक आहे. तुलाही हवंच होतं."

त्याच्याबरोबर आलेल्या मेहुण्याने मोबाईलचा कॅमेरा तिच्यावर रोखून धरला होता. तिने एक फटका मारला असता तर केस तिथेच बुडाली असती. तिला ते कळत होतं. धड असलेला हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली, ओठ चावून रक्त आलं तरी.

उठली ती आई. तिने ताटातला नारळ उचलला आणि गुडघ्यावर ठेवलेल्या त्याच्या हातावर हाणला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो किंचाळला तसा तिने त्याच नारळाचा दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा पाठीत.

"ले, काढ फोटू!" ती मेहुण्यावर ओरडली. "मी काय फौजमा शे का? मनी कोनती चौकशी लावशी?"

आम्ही बायकांनी तिला धरलं. खरं सांगते, मी जरा उशिराच धरलं.

त्याच आठवड्यात मुलगी साक्षीला निघाली. स्टेशनपर्यंत वडिलांनी तिची ट्रंक उचलली. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

निकाल अजून लागलेला नाही आणि ती घरी आलेली नाही. साक्षीच्या दिवशी मात्र मला फोन आला होता. "काकू, बोलले. सगळं, त्याच्या तोंडावर." आवाज अगदी कोरडा. मी धावत जाऊन फोन तिच्या आईच्या हातात दिला.

आईने फोन कानाला लावला. "जेवनी का व?" ती म्हणाली.

आणि पलीकडे आमची फौजी पोर हमसून हमसून रडायला लागली.