मशीन तेच आहे

संगणकावरचा गेम आपल्या परवानगीशिवाय अपडेट होऊ नये यासाठी काय काय करता येते, ते मला इत्थंभूत माहीत आहे. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. गेमची आवड मला कधीच नव्हती. ही विद्या मी वडिलांच्या उजव्या हातासाठी शिकले, आणि ती पूर्णपणे वाया गेली.

अण्णा चितेगावच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवत. हर्सूलच्या आमच्या घरातून पहाटे निघायचे, स्टेशनपासून कामगार घेत पैठण रोडने जायचे. निवृत्ती जवळ आलेली असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरले, बोलणे सावरले. उजवा हात मात्र मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडून राहिला. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. अण्णा तो हातात धरायलाही तयार नसत. "लेकराचं खेळणं हाये ते," म्हणत. शेवटी बाई मला म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं काहीतरी शोधा. तेव्हाच हात हलेल."

दादाने पुण्याहून संगणकाला जोडायचे स्टिअरिंग पाठवले आणि ट्रक चालवण्याचा एक गेम स्वतःच्या खात्यावर घेऊन दिला. नातेवाइकांत त्याचे कौतुक बराच काळ पुरले. पुढचे काम माझे होते. गेममधले ट्रक परदेशी, चालक डावीकडे बसणारा. अण्णांनी एकदाच पाहिले आणि तोंड फिरवले. मग कुणा हौशी माणसाने तयार करून इंटरनेटवर फुकट ठेवलेली, उजवीकडून चालवायची बस मी शोधून काढली. अशा बाहेरून जोडायच्या भागाला मॉड म्हणतात. ती बस मी गेममध्ये बसवली. स्टिअरिंग इतके हलके केले की बोटांच्या जोरानेही फिरावे, आणि दर आठवड्याला ते कणभर जड करत गेले. बाकी काहीही बदलायचे नाही, हे मी ठरवले होते: तीच बस, तोच रस्ता, तीच खुर्ची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तरच फरक कशामुळे पडला ते कळते.

अण्णा बसले. पहिल्या दिवशी बस शेतात गेली. दुसऱ्या आठवड्यात ती रस्त्यावर राहू लागली. आई चहा घेऊन आली की ते मान न वळवता म्हणायचे, "मागं सरका, बाई. दारात उभं राहू नका."

"तिकीट किती?" आई विचारायची.

"स्टाफ बस हाये. कारखान्यात कामाला हायेस का तू? नाय? मग उतर खाली."

सुधारणा स्पष्ट दिसत होती, पण त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. "तू सोपं करून देत असशील, माय," ते एकदा म्हणाले.

"नाही, अण्णा. उलट जड करतेय. मशीन तेच आहे. बदलतोय तो तुमचा हात."

हे वाक्य त्यांना पटले. इतके पटले की शेजारच्या काकांना त्यांनी ते स्वतःचे असल्यासारखे ऐकवले: "मशीन तेच हाये, हातच सुधारलाय." मला त्या दिवशी फार समाधान वाटले होते.

अडचण अपडेटची होती. ती बस गेमच्या एका ठरावीक आवृत्तीसाठी बनवलेली. नवी आवृत्ती आली की गेम तिला ओळखत नाही, आणि स्टिअरिंगची मोजमापेही पुन्हा मूळपदावर जातात. म्हणून मी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनी आवृत्ती निवडून ठेवली. गेम उघडेपर्यंत अपडेट घेऊ नये, अशी सूचना दिली. तो ऑफलाइन चालेल असे केले, त्या संगणकाला वायफायचा पासवर्ड दिला नाही, आणि सगळ्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली. हे सगळे दादाला फोनवर समजावून सांगितले, कारण खाते त्याचे होते.

"जुनं व्हर्जन जपायला आपल्या घरी काय म्युझियम आहे का?" तो हसला.

"हात लावू नकोस, एवढंच सांगतेय."

"बरं बाई, शास्त्रज्ञबाई."

मग एका संशोधन संस्थेत माझी मुलाखत ठरली. दोन दिवस बाहेरगावी जायचे होते. दादा अण्णांपाशी राहायला आला. आईने त्याच्यासाठी पुरण घातले. मी परतले तेव्हा तो पुण्याच्या वाटेला लागला होता, आणि अण्णा खिडकीशी बसले होते, संगणकाकडे पाठ करून. चहाचा कप डाव्या हातात होता.

"आज बस काढली नाही?" मी विचारले.

"नाय जमत आता." कप खिडकीत ठेवत म्हणाले, "परत आला असंल झटका. झोपेत आला असंल. कळला नाय."

मी संगणक सुरू केला. स्क्रीनवर चकचकीत नवा ट्रक उभा होता, स्टिअरिंग डावीकडे. माझी बस नव्हती. चाक हाताने फिरवून पाहिले. मलाही जोर लावावा लागला. दादाने आपल्या मोबाइलचे इंटरनेट जोडून खात्यात लॉगिन केले होते आणि सगळे अपडेट करून ठेवले होते. अण्णांना समोर बसवून तो गॅलरीत फोनवर बोलत राहिला, असे आईने सांगितले. ट्रक पुन्हा पुन्हा रस्ता सोडून जात होता. अण्णांनी कुणाला हाक मारली नाही. बस कुठे गेली, हेही विचारले नाही. पडद्यावरची गाडी दुसरी असली तरी हातातले चाक तेच होते, आणि मशीन तेच आहे, हे त्यांना मीच पटवून दिले होते. मशीन तेच असेल आणि गाडी सुटत असेल, तर दोष हाताचा. तर्क अचूक होता. माझाच होता.

दादाला फोन केला. "अगं, किती अपडेट साचले होते! मी चांगल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "आणि अण्णांना नवीन ग्राफिक्स आवडले. काहीच बोलले नाहीत."

राखून ठेवलेली प्रत मी पुन्हा बसवली. तीच बस, तोच रस्ता, स्टिअरिंग तितकेच जड. अण्णांना सगळे नीट समजावले: आवृत्ती म्हणजे काय, ती कुणी बदलली, कशी बदलली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, माझ्या समाधानासाठी खुर्चीत बसले आणि बस पहिल्या वळणावरून सफाईने काढली. मग हात उचलून घेतला.

"चांगलं चाललं की, अण्णा!"

"तू सोपं करून ठेवलंस."

"शप्पथ, नाही केलं."

"असू दे, माय. बापासाठी केलंस. वाईट नाय वाटत मला."

मी चिडून दादाचे नाव घेतले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "त्याच्यावर कशाला घालतेस? माझ्या हाताला त्यानं काय केलं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोन दिवसांसाठी येतं लेकरू, त्यातही भांडण." फिजिओच्या बाईंनी हात तपासून त्याची ताकद कमी झालेली नसल्याचे सांगितले, नवा झटका आलेला नाही असे डॉक्टर म्हणाले. अण्णांनी सगळ्यांना मान हलवून हो म्हटले. मला पुरावे गोळा करायचे प्रशिक्षण आहे. लोक आपली दया करताहेत असे ज्याला एकदा वाटले, त्याच्यापुढे पुराव्याचे काय करायचे, ते कुणी शिकवले नव्हते.

माझी निवड झाली. निघायच्या आठवड्यात दादाचा निरोप आला, स्टिअरिंग नुसतेच पडून आहे तर तो ते घेऊन जाईल. मी नाही म्हणणार होते. अण्णा म्हणाले, "दे. त्याचंच हाये."

खोके मूळचेच होते, झाकणे फुगून वर येत होती. मी चिकटपट्टी ओढली, तसे अण्णा खुर्चीतून पुढे वाकले आणि झाकण दाबून धरले. उजव्या हाताने. बोटे पसरलेली, मनगट स्थिर, पूर्ण भार.

"अण्णा, हात बघा."

त्यांनी पाहिले नाही. "पट्टी लाव," म्हणाले, "उघडतंय ते."