लाडूला घाम येत नाही

जनावरांच्या डॉक्टरला किस्से शोधत हिंडावं लागत नाही, फोन उचलला की झालं. पण कोल्हापुरात वीस वर्षं म्हशी आणि कुत्री तपासून मला जेवढे धक्के बसले नाहीत, तेवढे एका उन्हाळ्यात एका डुकरानं दिले.

डुक्कर जोगळेकर बाईंचं. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, घरात अंडंसुद्धा चालत नाही. मुलानं "मिनी पिग आहे, मांजराएवढाच राहतो" म्हणून पिल्लू आणलं आणि स्वतः कॅनडाला गेला. दोन वर्षांत पिल्लू दीडशे किलोंचं झालं. नाव लाडू. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फाटकातच थांबलो. "या ना, काही करत नाही तो," बाई म्हणाल्या. त्याला काही करायची गरजच नव्हती, नुसता अंगावर बसला असता तरी मी संपलो असतो.

*

एप्रिलात मी बाईंना बजावलं, "डुकराला घाम येत नाही. उष्मा चढला तर बघता बघता जीव जातो. थंड ठेवा."

चार दिवसांनी गेलो, तर बेडरूममधला कूलर लाडूपुढं आणि बाई स्वयंपाकघरात पेपरानं वारा घेत बसलेल्या.

"अहो, आणि तुम्ही?"

"मला घाम येतो ना," बाई म्हणाल्या.

मी इंजेक्शनची बॅग उघडली.

*

एकदा मी मुरगूडला म्हैस बघायला गेलतो, फोन घरीच राहिला. बायकोनं उचलला.

"वहिनी, लाडू खाली पडलाय हो. काय करू?" बाई रडवेल्या.

"पडलेला लाडू कशाला खाताय? मुंग्या लागल्या असतील. टाकून द्या," आमची बायको.

लाडू नुसता झोपला होता. बाई मात्र आठवडाभर बायकोशी बोलल्या नाहीत.

*

मग मी म्हटलं, अंगाला माती लावा, कातडी भाजत नाही. दुसऱ्या दिवशी फोटो आला. लाडू कानापासून शेपटीपर्यंत पिवळट! बाईंनी मेडिकलमधली मुलतानी मातीची सगळी पाकिटं उचलली होती आणि गुलाबपाण्यात कालवून लावली होती. खाली प्रश्न, "वाळल्यावर धुवायची का?"

बायकोनं फोटो बराच वेळ बघितला. "माझं कधी कुणी एवढं केलंय का?" म्हणाली. मी विषय बदलला.

*

बाईंच्या भिंतीपलीकडं कुस्तीची तालीम. तिथले वस्ताद तात्या, सत्तरीचे, आवाज दोन गल्ल्यांत जाणारा.

"डॉक्टर, पोरं दम घ्याय लागली की वास येतोय. ह्ये जनावर हलवा, न्हायतर मी म्युन्सिपाल्टीत अर्ज देतो बघा."

बाई भिंतीवरून म्हणाल्या, "वास तुमच्या पोरांचा आहे. लाडू दोनदा आंघोळ करतो."

तात्यांनी त्याच दिवशी अर्ज दिला.

*

मे महिना, भर दुपार. लाईट गेलेली, टाकी रिकामी. मी पोचलो तेव्हा लाडू अंगणात आडवा, तोंडाला फेस. थर्मामीटरमध्ये एकशे आठ. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "डॉक्टर, माझ्याकडं दुसरं कोण आहे?" म्हणाल्या.

"ओली, थंड जमीन पाहिजे. आत्ता," मी म्हटलं. अंगणात सगळी फरशी.

भिंतीवर तात्यांचं डोकं दिसलं. आता हे शिव्या घालणार, असं मला वाटलं. तात्यांनी लाडूकडं बघितलं आणि ते मागं वळून ओरडले, "आरं, सहाजण या. सतरंजी घिऊन या."

पैलवानांनी लाडूला सतरंजीवरून ओढत नेलं ते थेट तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या आखाड्यात. ताक, लिंबू, तेल घालून मळलेली तांबडी माती, कुस्तीआधी पोरं कपाळाला लावतात ती! मला घाम फुटला. तात्या स्वतः आडाच्या पाण्याच्या बादल्या ओतत होते. लाडूची धाप हळूहळू कमी झाली, पण डोळे मिटलेलेच.

बाई तालमीच्या दारात अडकल्या होत्या. तिथं बायकांनी आत यायचं नाही, हे गल्लीत लहान मुलालाही माहीत. चाळीस वर्षं शेजारी राहून बाईंनी आतली भिंतसुद्धा बघितली नव्हती.

"वस्ताद," बाई दारातून म्हणाल्या, "मी दिसले नाही तर घाबरतो हो तो."

पैलवान तात्यांकडं बघायला लागले. तात्यांनी हौद्याकडं बघितलं. कानापर्यंत माती लागलेला लाडू मधोमध पसरला होता.

तात्या बादली ठेवून दारापाशी आले आणि वाट सोडून उभे राहिले.

"चप्पल तेवढी भाईर काढा, बाई."