दुखऱ्या हाताकडचा पेला

लेलेवकील घरी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, आणि पाण्याचा पेला त्याच्या दुखऱ्या हाताच्या बाजूला ठेवायचे. मग काही न बोलता बघत बसायचे. ज्याला हे ठाऊक नसेल त्याला वाटावं, किती निर्दय माणूस आहे.

मलाही तसंच वाटलं होतं. हे, म्हणजे माझे यजमान, कलकत्त्यात खिदिरपूरला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका खाजगी कारखान्यात फिटर होते. साखळी सुटून लोखंडी पत्रा ह्यांच्या उजव्या हातावर आला, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. इस्पितळात बोटं वाचवली. पाचही होती, पण एकही वळत नव्हतं. कारखान्यानं कामावरून कमी केलं आणि हात बरा झाला आहे म्हणून कळवलं. कुणीतरी सांगितलं, भवानीपूरला आपल्यातले एक वकील आहेत, अशीच कामं बघतात. म्हणून आम्ही बेहालाहून दोन बस बदलून त्यांच्याकडे गेलो.

माडीवरची खोली कागदांच्या गठ्ठ्यांनी भरली होती. त्यांची थोरली बहीण, अक्का, पाण्याचे पेले घेऊन आली. वकिलांनी तिच्या हातातला एक पेला उचलला आणि टेबलाला वळसा घालून ह्यांच्या उजव्या हाताशी आणून ठेवला.

"घ्या सावंत. उन्हातून आलात."

ह्यांचा उजवा हात पुढे गेला. बोटं पेल्याला टेकली, पण मिटली नाहीत. पेला कलंडला आणि पाणी ह्यांच्या मांडीवर आणि टेबलावरच्या कागदांवर सांडलं. मी पदर घेऊन पुसायला उठले.

"राहू द्या हो वहिनी," ते म्हणाले. "सांडलं ना? छान झालं."

मी तशीच उभी राहिले. ह्यांचा चेहरा लाल झाला होता.

"रागावू नका," वकील म्हणाले. "हात आपणहून पुढे आला, ते मला बघायचं होतं. अजून विसरला नाही तो. विसरलेला हात येतच नाही, दुसरा येतो."

लेलेवकिलांचा जन्म कलकत्त्याचा. वडील लवकर गेले. सगळं शिक्षण बंगाल्यांत झालं, कोर्टात बोलायचं ते बंगाली नाहीतर इंग्रजी. मराठी त्यांना फक्त आईकडून आणि अक्काकडून मिळालेली. त्यामुळे ते बायकांसारखं मराठी बोलायचे. विटून हिरवट पडलेला काळा कोट घातलेला हा उंच माणूस "अगो बाई!" म्हणायचा, "जळलं मेलं ते कोर्टाचं इंजंक्शन" म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं. पण परक्या पुरुषासमोर माझी मान वर होत नसे, ती त्यांच्यासमोर थोडी व्हायची. माहेरच्या ओटीवर कुणी आत्या बोलते आहे असं वाटायचं. बोलायला मात्र मला तिथंही जमलं नाही.

त्यांनी एक जाड पुस्तक उघडून ह्यांना दाखवलं. "हा कायद्यातला तक्ता. अंगठा तुटला तर इतकं नुकसान, दोन बोटं तुटली तर इतकं. तुमची तुटली असती तर मला काही डोकं चालवावं लागलं नसतं. पण तुमची मेली पाचही जागेवर! आता ती काही करत नाहीत हे मी दाखवून द्यायचं."

"मग तोडूनच टाका," हे म्हणाले.

"अगो बाई! काय बोलता? बायको शेजारी बसलीय तुमची." ते खरंच रागावले. मग पुस्तक मिटून हळू आवाजात म्हणाले, "तुटलेलं कायद्याला दिसतं. अडलेलं दिसत नाही. ते दाखवायलाच मी बसलोय इथं."

वकीलपत्रावर हे डाव्या हाताचा अंगठा द्यायला निघाले. आमच्या घरी ह्यांच्या अक्षराचं कौतुक होतं, आणि आता अंगठा. वकिलांनी शाईचा पॅड बाजूला सरकवला. "अंगठा नको. डाव्या हातानं सही करा. कशी का येईना, मला घाई नाही." ती सही करायला ह्यांना किती वेळ लागला! वकील तोवर दुसरीकडे बघत बसले होते.

निघताना त्यांनी विचारलं, "इस्पितळात व्यायाम काय सांगितलाय?"

"गरम पाण्यात हात बुडवायचा, आणि मग..." हे पुढे बोलेनात.

"कणीक मळायची," मी म्हणाले. त्या दिवशी मी बोललेले तेवढेच दोन शब्द.

"ऐकलंस का अक्के? सावंत रोज कणीक मळतात. मी तुझ्यासाठी कधी मळली नाही."

"तू पाणी प्यायलेला पेला विसळलास तरी पुष्कळ आहे," अक्का आतून म्हणाली.

ह्यांना त्या कणकेची फार लाज वाटायची. शेजारच्यांना दिसू नये म्हणून दार लावून मग परातीसमोर बसायचे. मी मऊ गोळा करून द्यायची. पहिल्यांदा नुसता तळवा टेकायचा, कपाळावर घाम यायचा. महिन्याभरानं गोळ्यावर एक खळगा दिसला. मग दुसरा. पुढं कधीतरी तिसऱ्या बोटाचा पुसटसा खळगा दिसला, तेव्हा मी तो गोळा मोडलाच नाही, संध्याकाळपर्यंत तसाच झाकून ठेवला. हे म्हणाले, "आज उपाशी ठेवणार वाटतं." अपघातानंतर हे पहिल्यांदा हसून बोलले ते तेव्हा.

नंतर कारखान्याच्या डॉक्टरानं ह्यांना तपासायला बोलावलं. बोलता बोलता त्यानं सिगारेटचं पाकीट पुढे केलं. ह्यांचा उजवा हात आपणहून पुढे गेला, आणि दोन बोटांत सिगारेट क्षणभर राहिली. हे घरी येऊन मला आनंदानं सांगत होते, "धरली गं मी!"

पुढच्या तारखेला वकिलांनी त्या डॉक्टरचा कागद आम्हांला वाचून दाखवला. पाचही बोटं शाबूत, वस्तू धरता येते, काम करण्यास योग्य.

"मेला!" वकील म्हणाले. "माझीच युक्ती माझ्यावर उलटवली." मग त्यांनी तो कागद गठ्ठ्यात खोचला. "आता आपला दावा ऐकणारे आयुक्त सरकारी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवतील. तो काय लिहितो त्यावर सगळं आहे."

एवढंच ते बोलले. व्यायाम बंद करा असं ते म्हणाले नाहीत, हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. ते मी ठरवलं. बसमध्ये गर्दीत उभी असताना माझ्या मनात एकच होतं. ज्या खळग्यांवर मी खूश होते, ते आम्हांला बुडवणार. हात बरा होतोय, पण कामाला जाण्याइतका तो कधी होणार नाही. मधल्यामध्ये आम्हांला कुणीच धरणार नाही. वकिलांना विचारावं असं वाटलं. पण विचारायचं म्हणजे मान वर करून पुरतं वाक्य बोलायचं. ते मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे दार लावून बसले.

"परात?"

"मळून झाली आज," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. उठून दार उघडलं.

मग मी माझं जुनं निळं लुगडं फाडून ह्यांच्या हातासाठी झोळी शिवली आणि गळ्यात अडकवली. थंडीत हात ठणकतो म्हणून, असं मी सांगितलं, आणि ह्यांनीही तेच चारचौघांत सांगितलं. आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधीच बोललो नाही. तारखा पुढे जात राहिल्या. कधी शहर बंद, कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी. सात महिने गेले. मोठ्या डॉक्टरनं झोळीतून हात बाहेर काढला आणि बोटं वाकवायला गेला तेव्हा हे ओरडले. ते ओरडणं खरं होतं. बोटं खरंच लाकडासारखी झाली होती.

निकाल आमच्या बाजूनं लागला.

आम्ही संदेश मिठाईचा डबा घेऊन भवानीपूरला गेलो. लेलेवकील जिन्यापर्यंत सामोरे आले. "अक्के, पाणी आण गं! सावंतांनी कोर्ट जिंकलं!" पेला आला. त्यांनी नेहमीसारखा तो ह्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. बोलण्याच्या भरात ठेवला, तपासायला नव्हे.

ह्यांचा डावा हात अंगावरून पलीकडे गेला आणि पेला उचलून घेतला. एक थेंबही सांडला नाही.

वकील बोलायचे थांबले. ह्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला तेव्हा वकिलांनी विचारलं, "कधीपासून?"

ह्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला. मग वकील माझ्याकडे वळले. "वहिनी, कणीक कोण मळतं?"

"मी," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. सिगारेटपासून झोळीपर्यंत. इतकं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता वकील मला घालवून देतील.

लेलेवकील खुर्चीत बसले. संदेशाचा डबा उघडाच राहिला, माश्या बसायला लागल्या तरी कुणी झाकला नाही.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुम्ही विचारणाऱ्यांतल्या नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं," ते म्हणाले. "झोळीसुद्धा दिसत होती. दर तारखेला दिसत होती. मी विचारलं नाही, कारण ती माझ्या सोयीची होती."

"मळत राहिलो असतो तर निकाल असाच लागला असता का?" ह्यांनी विचारलं.

वकील लोक सगळ्याला उत्तर देतात. त्यांनी ह्यांच्या हाताकडे बघितलं आणि सांगितलं, "माहीत नाही हो. खरंच माहीत नाही."

खोट्या दिलाशापेक्षा ते बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. बरं काहीच वाटलं नाही. पण त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी परात पुन्हा ह्यांच्यासमोर ठेवली. इस्पितळातल्या मालिश करणाऱ्यानं सांगितलं की आता फार आशा धरू नका, सांधे आखडले आहेत. तरी मी ठेवत राहिले. हे कधी बसायचे, कधी परात पायानं सरकवून निघून जायचे. बेहालातच एका लहान कारखान्यात ह्यांना हत्यारं देण्याघेण्याचं काम मिळालं. डाव्या हातानं जमत होतं.

भवानीपूरला आम्ही वर्षातून एक-दोनदा जायचो. लेलेवकील दुसऱ्यांना अजून दुखऱ्या हाताकडेच पेला द्यायचे, पण ह्यांचा पेला आता डावीकडे ठेवायचे. ते मला फार लागायचं.

एकदा त्यांनी माझ्याकडे एक बाई पाठवली. तागाच्या गिरणीतल्या कामगाराची बायको, बिहारकडची. नवऱ्याचं मनगट यंत्रात सापडलं होतं. तिच्या हातात वकिलांची चिठ्ठी होती: "वहिनी, हिला कणीक दाखवा. आणि खटला चालू असला तरी मळणं थांबवायचं नाही, हे तुम्हीच सांगा. माझं ऐकून ही नुसती मान हलवते." माझं हिंदी मोडकं. मी तिला परातीशी बसवलं, गोळा दिला, आणि तिची बोटं धरून दाबली. मग माझी निळी झोळी काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "ये नहीं. कभी नहीं." ती का रडली मला कळलं नाही. नंतर कळलं, तिनं तशीच झोळी शिवून ठेवली होती.

लेलेवकिलांना पोटाचं दुखणं झालं तेव्हा अक्काचा निरोप आला. आम्ही गेलो. एवढा उंच माणूस, पलंगावर लहान मुलासारखा दिसत होता. काळा कोट खुंटीला होता. त्यांनी डोळे उघडले, ह्यांना ओळखलं.

"अक्के," ते म्हणाले, "पाणी दे गं सावंतांना."

अक्कानं पेला आणून सवयीनं डावीकडच्या स्टुलावर ठेवला. वकिलांनी एक बोट हलवलं. "तिकडे नको. इकडे."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग पेला उचलून ह्यांच्या उजवीकडे, पलंगाच्या कडेला ठेवला.

आणि ह्यांचा उजवा हात पुढे गेला. डावा मांडीवरच होता. दोन बोटं पेल्याला लागली, थोडी वळली. पेला उचलला गेला नाही. कलंडला, आणि सगळं पाणी वकिलांच्या चादरीवर गेलं.

मी पदर घेऊन उठले.

"राहू द्या हो वहिनी." आवाज इतका बारीक होता की मला वाकून ऐकावं लागलं. "सांडलं ना?"

"हो," मी म्हणाले. "सांडलं."

"मग छान झालं."

ओल्या चादरीवर त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. नवव्या दिवशी ते गेले. अक्कानं ती ओली चादर बदलायला दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. बदलू देत नव्हते म्हणे.

हे अजून रोज सकाळी परातीसमोर बसतात. आता दार लावत नाहीत. गोळ्यावर दोन खळगे पडतात. तिसऱ्याची जागा सपाट असते.