ढिगाला ताप आहे अजून

खताच्या ढिगाला त्या उपडा हात लावायच्या आणि म्हणायच्या, “ताप आहे अजून. उतरू द्या, मग बघू.”

इथे मँचेस्टरच्याच हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. शहराबाहेरच्या दलदलीच्या कडेला इथलीच मूळची झाडं परत लावायची होती. त्यासाठी आम्ही व्हॉलंटियर्स कालव्यात माजलेलं पाणगवत ओढून काढायचो, कुजवायचो आणि त्या खतात आल्डरची रोपं वाढवायचो. सिस्टरांची रोपं तरतरीत. माझी आपली तीन दिवस उपाशी असल्यासारखी.

वय वर्षं साठ, आणि जळकुटेपणा मात्र शाळेतला. आमच्यावर देखरेख करणाऱ्या रेंजरबाई त्यांच्याच ट्रेपाशी रेंगाळायच्या, ते मला बघवायचं नाही. एका वर्षी पहिला नंबर आपलाच असं ठरवून मी ढीग निवायच्या आत खत उपसलं. आठवड्यात मुळं भाजली. मग आणखी अक्कल चालवली. गार्डन सेंटरमधून तयार खताच्या दोन पिशव्या आणल्या आणि गुपचूप त्यात नवी रोपं लावली. ती अशी तरारली, की रेंजरबाई चक्क मला ‘लव्हली’ म्हणाल्या. घरी जाऊन मी शिरा केला.

पुढच्या शनिवारी सिस्टरांनी माझ्या ट्रेमधली माती चिमटीत चुरली. “ताई, हे पीट आहे. दुसरी दलदल खणून तिची माती भरतात या पिशव्यांत. ती मारून ही जगवायची का?”

पीटला तिथे सक्त मनाई. कळलं असतं तर मला घरी बसवलं असतं. तेवढ्यात रेंजरबाई आल्याच. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “सॉरी, माय मिस्टेक. हा ट्रे मी भरला, पिशवी वाचायची राहिली.” ट्रे बाद झाला, बोलणी त्यांनी खाल्ली.

सिस्टर विहारात नेमाने जाणाऱ्या. बसमध्ये मी म्हटलं, “अहो, माझ्यापायी चौथं शील मोडलंत. खोटं बोललात.”

“माझं शील मी बघते. तुम्ही ताप बघत जा.”

तेव्हापासून मी मनाशी धरून बसले, की एवढं त्यांनी फक्त माझ्यासाठी केलं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभेत त्रिशरण झालं आणि एकेक जण बोलायला उठला. एकाने तण समजून बर्चची रोपं उपटली होती. एकीने नळ उघडा ठेवून अख्खा वाफा बुडवला होता. प्रत्येक वेळी ‘माय मिस्टेक’ म्हणणाऱ्या सिस्टरच. लोक डोळे पुसत होते. मीही पुसले, पण आतून जळत होते. त्यांच्या रोपांवरही कधी इतकी जळले नव्हते.

माझी पाळी आली. उठले, आणि दोन पिशव्यांच्या सहा करून सांगितल्या.