ऑपरेशनआधीची प्रार्थना

“सिस्टर, ईथर तयार ठेवा. आणि खिडकीतल्या मंडळींना सांगा, मधे बोलायचं नाही,” डॉक्टरबाई हात धुता धुता म्हणाल्या.

मी खिडकीकडं पाहिलं. जाळीला नाक लावून भिवराबाई उभी होती. तिच्यामागं तिचा मुलगा मारोती, आणि त्याच्यामागं बैलगाडीबरोबर आलेली चार-दोन बाया-माणसं. टेबलावर होती मारोतीची बायको, काशी.

ऑपरेशन थिएटरला खिडकी कशाला, असं आजचे डॉक्टर विचारतील. अहो, आमच्याकडं तेव्हा ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं. आत नेतात आणि डोळे काढून घेतात, रक्त विकतात, असं काहीबाही बोललं जाई. म्हणून डॉक्टरबाईंनी भिंतीत खिडकी पाडून घेतली, जाळी बसवली आणि सांगितलं, या, बघा. ज्याला चक्कर येईल त्यानं खाली बसावं. त्या खिडकीमुळं आमच्याकडं पेशंट येऊ लागले, हे खरं.

हॉस्पिटल मिशनचं होतं, अहेरीच्या रस्त्यावर, प्राणहिता नदीच्या जवळ. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. पन्नासनंतरची पहिली वर्षं. मी बल्लारपूरच्या ख्रिस्ती घरातली, नर्सिंग शिकून नुकतीच लागलेली. डॉक्टरबाईही ख्रिस्ती, नगरकडच्या. लग्न केलं नव्हतं. बोलणं थोडकं आणि काम मरणाचं.

भिवराबाई ढिवर समाजातली. नवरा गेलेला. मुलगा नदीवर जाळं टाकायचा आणि ही टोपलीत मासे घेऊन आमच्या क्वार्टरांवर यायची. तोंडाची महाफटकळ. मी मासे निवडत बसले की म्हणायची, “सिस्टरबाई, तुमी मासे पाहून राह्यल्या का मासे तुमाले पाहून राह्यले? घ्या ना पटकन!” सुनेवर मात्र तिचा जीव होता. काशीची आधीची दोन बाळं घरीच, जन्मताना गेली होती. या खेपेला भिवराबाईनंच ठरवलं होतं. मला म्हणाली होती, “आता दवाखान्यातच आनीन तिले. लोकाईले काय म्हनाचं थे म्हनू दे.”

आणि तिनं शब्द पाळला. सकाळी गाडी आली तेव्हा काशी कळांनी अर्धी झाली होती. बाळ पोटात आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आलेला होता. आडवं बाळ आपल्या वाटेनं येऊ शकत नाही. कळा येतच राहतात आणि शेवटी गर्भाची पिशवी फाटते. मग आईही जाते. पोट उघडून बाळ काढायचं, म्हणजे सिझेरियन, एवढा एकच मार्ग राहतो. मी पोटावर फीटोस्कोप लावला. हे बाळाच्या छातीचे ठोके ऐकायचं भोंग्यासारखं नळकांडं. ठोके भरभर आणि स्वच्छ होते.

“जिवंत आहे,” मी भिवराबाईला सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना.

आता आमचा रिवाज सांगते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाई प्रार्थना करायच्या. ईथरची भूल द्यायच्या आधीच, कारण पेशंटनं ती ऐकावी, तिला धीर यावा असं त्यांचं म्हणणं. आम्ही पांढऱ्या कपड्यांतले सगळे टेबलाभोवती उभे राहायचो. माना खाली, डोळे मिटलेले. कुणी हलायचं नाही. डॉक्टरबाई हळू आवाजात बोलायच्या. मिशनच्या सगळ्याच हॉस्पिटलांत असं चालायचं. त्यात काही चुकीचं आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या दिवशीही तसेच उभे राहिलो. डॉक्टरबाईंनी दोन वाक्यं म्हटली असतील नसतील, खिडकीतून हंबरडा आला.

“गेली वो! माही काशी गेली वो!”

मी डोळे उघडले. भिवराबाई जाळी धरून कपाळ बडवत होती. मागच्या बायांनीही गळा काढला. आमच्याकडं माणूस गेल्यावर जसं रडतात, नाव घेऊन, गुण सांगून, तसं. आणि टेबलावर काशी पूर्ण शुद्धीत होती. स्वतःच्या नावानं चाललेलं रडणं ती ऐकत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो चेहरा विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

दार ढकलून मारोती आत आला. कुणाचं काही ऐकलं नाही. बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन जमिनीवर ठेवलं. माणूस खाटेवर मरू नये, भुईवर टेकवावं, ही आपल्याकडची रीत. कुणीतरी तिच्या तोंडात पाणी घातलं. गाडीवान बैल जुंपायला लागला.

“अरे, करता काय? जिवंत आहे ती!” डॉक्टरबाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

“मंग मेल्यावानी काऊन केलं तुमी?” मारोती म्हणाला.

“कसलं मेल्यासारखं?”

उत्तर भिवराबाईनं दिलं. “चौकीदाराले पुरलं तवा अशेच उभे होते ना तुमी! मुंड्या खाली, डोळे मिटून! बाई, तुमीच बोलून राह्यल्या होत्या. मी पाह्यलं ना कुंपनाजोळून!”

गेल्याच आठवड्यात आमचा म्हातारा चौकीदार वारला होता. हॉस्पिटलच्या मागं ख्रिस्ती लोकांची छोटी दफनभूमी होती, तिथं त्याला मूठमाती दिली. भिवराबाई टोपली घेऊन कुंपणापाशी थांबली होती. आमचं चर्च तिनं कधी पाहिलं नव्हतं. आमची प्रार्थना तिनं आयुष्यात एकदाच पाहिली होती, ती कबरीवर.

डॉक्टरबाई पायरीवर बसल्या.

जमिनीवरून काशीनं सासूकडं मान वळवली. “आत्याबाई, मी मेली का जी?” तिनं विचारलं. अगदी खरंखुरं विचारत होती हो ती.

मी मारोतीसमोर जाऊन बसले. देवाधर्माचं सांगून तो ऐकणार नव्हता, आणि मला तेव्हा ते सुचलंही नसतं.

“मारोतीभाऊ, तू जाळं टाकायच्या आधी काय करतो?”

तो माझ्याकडं येड्यासारखं पाहायला लागला. “पान्याले हात लावतो. कपाळाले लावतो.”

“काऊन?”

“काम सुरू कराचं तं नाव नाई घ्या लागत का?”

“आम्ही तेच करत होतो. बाईंनी काम सुरू करायला देवाचं नाव घेतलं. काशीला काही झालेलं नाही. पण आता तू उशीर केला तर होईल.”

मारोतीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. भिवराबाई रडायची थांबली होती. तिनं पदर तोंडात कोंबला आणि मानेनं हो म्हटलं. त्यानं काशीला पुन्हा उचललं.

यात किती वेळ गेला ते मी सांगू शकणार नाही. घड्याळ आत भिंतीवर होतं आणि आम्ही बाहेर होतो. टेबलावर घेतल्याबरोबर मी फीटोस्कोप लावला. ठोके अडखळत येत होते. मधेच थांबायचे आणि मी श्वास रोखून पुढच्याची वाट पाहायची. डॉक्टरबाईंनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि लगेच ईथर द्यायला सांगितलं.

त्यांचे हात एवढ्या वेगानं चाललेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. मुलगा झाला. गुटगुटीत, डोकंभर जावळ. रडला नाही. मी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, त्याच्या इवल्या तोंडात फुंकर घालत राहिले. “पुरे, सिस्टर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मी थांबले नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं तेव्हा थांबले.

काशी वाचली. पण पिशवी फाटायला लागली होती, ती काढावी लागली. आता तिला मूल होणार नव्हतं.

बाळाला कपड्यात गुंडाळून मी बाहेर नेलं. भिवराबाईनं त्याला मांडीवर घेतलं. रडली नाही. बोटानं जावळ सारखं करत बसली. मग डॉक्टरबाई बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “बाई, माह्या रडन्यानं मेलं का जी लेकरू?”

आमचे कंपाउंडर मागं उभे होते. त्यांनी डॉक्टरबाईंना डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नका. त्यांची भीती खोटी नव्हती. मिशनच्या नावानं तेव्हा आधीच कुजबूज चालू होती. एक शब्द चुकीचा गेला असता तर खिडकी असो की नसो, हॉस्पिटल ओस पडलं असतं.

डॉक्टरबाई तिच्यासमोर खाली बसल्या. “नाही, भिवराबाई. तुम्हाला जे दिसलं त्याला तुम्ही रडलात. आम्ही काय करणार ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

एवढ्या माणसांसमोर, शांतपणे. डॉक्टरनं पेशंटच्या घरच्यांपुढं चूक कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. भिवराबाईनं डॉक्टरबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मग ती रडली. बाईही रडल्या. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

ही गोष्ट नागपूरपर्यंत गेलीच. मिशनचे एक मोठे साहेब चौकशीला आले.

“लेखी तक्रार नव्हती, कुणी बोट दाखवलं नव्हतं, तरी आपण होऊन चूक कबूल केली?”

“हो.”

“हॉस्पिटलच्या नावाचा विचार केला नाहीत?”

“साहेब, देवाजवळ रोज कबूल करायचं आणि भिवराबाईजवळ लपवायचं, हे मला जमणार नाही.”

“आणि प्रार्थना बंद केलीत म्हणे?”

“बंद नाही केली. आधी घरच्यांना सांगतो. मग पेशंटचा हात धरून करतो, डोळे उघडे ठेवून.”

साहेब चहा घेऊन गेले. गावानं हॉस्पिटल टाकलं नाही. उलट माणसं येत राहिली, पण त्याचा आनंद आम्हा दोघींना कधी धड झाला नाही.

भिवराबाई पुष्कळ दिवस मासे घेऊन आली नाही. मग एका ऑपरेशनच्या दिवशी मी खिडकीकडं पाहिलं तर ती उभी. पेशंट कुणा परक्या गावची होती. आधी सांगितलं होतं, तरी आम्ही प्रार्थनेला उभे राहिलो तशी त्या पेशंटची आई मुसमुसायला लागली. भिवराबाईनं तिचा हात धरला. “रडू नोको वो बाई. मेली नाई थे. हे लोकं काम सुरू करते तवा असंच करते.”

त्यानंतर ऑपरेशन असलं की ती येऊन उभी राहायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. परक्यांच्या लेकी-सुना वाचताना पाहायची आणि टोपली उचलून घरी जायची. घरात काशी होती आणि पाळणा नव्हता.

प्रार्थनेनं कधी कुणाचं नुकसान होत नाही, असं आमच्या चर्चमध्ये अजूनही म्हणतात. मी वाद घालत नाही. पुढं मी नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, तेव्हा एवढंच सांगायची: आत कितीही घाई असो, आधी बाहेर जा आणि सासूशी बोला.