मंगळाची मुक्कामी गाडी

माणसाची मंगळावरची वस्ती कुठे अडलीच, तर ती अमळनेरला माझ्या दाजींपाशी अडेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सारी नोकरी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, त्यामुळे जे काही येणार असेल त्याची वेळ आणि फलाट सांगता आलाच पाहिजे, ही त्यांची अट. माणसं मंगळावर राहायला जाणार, असं माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "तठे पानी शे का? आनी परत येवानी गाडी?" परतीचं अजून ठरलं नाही, असं ती म्हणाली. "म्हणजे गाडी मुक्कामी. मग ड्रायव्हर-कंडक्टर झोपतील कुठे, सकाळी चहा कोण देईल, ते ठरवा आणि मला बोलवा." जणू तिकीट त्यांच्याच नावाचं निघालं होतं.

जळगावला माझ्या नव्या गोदामाच्या पूजेला एक ज्योतिषीबुवा आले होते. डोळे मिटून म्हणाले, "लवकरच मोठा योग आहे."

"लवकर म्हणजे जेवणाआधी की नंतर?" दाजींनी विचारलं.

"वेळ आली की कळेल."

"महाराज, असं मी स्टँडवर सांगितलं असतं, तर लोकांनी मला माईकसकट बाहेर काढलं असतं."

बुवा मांडे न खाताच गेले. बायकोने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. दाजींना मात्र जाताना डबा बांधून दिला.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. हातगाडीवर केळी विकत वर आलेला मी माणूस; सौदा पटल्याशिवाय समोरच्याला सोडत नाही. अक्का गेली, दाजी एकटे पडले, म्हणून त्यांच्यासाठी माझ्या घरावर खोली बांधली. आतच संडास-बाथरूम, कूलर, खिडकीतून रहदारीचा रस्ता. दाजी दोन दिवस राहिले, नळ सोडून पाहिला, कूलरची तारीफ केली आणि पिशवी उचलली. "येईन की पुढंमागं."

मी भडकलो. "पुढंमागं म्हणजे कुठल्या फलाटावर, दाजी?"

ते नुसतं चप्पल शोधत राहिले.

चैत्रात मी गाडी घेऊन थेट अमळनेर गाठलं. आज त्यांना उचलूनच आणायचं. दाजी गच्चीवर होते. साऱ्या गल्लीचे बिबडे, आमच्याकडचे ते ज्वारीचे पापड, तिथं जुन्या साड्यांवर वाळत होते आणि दाजी डोक्याला उपरणं गुंडाळून, काठी घेऊन राखणीला उभे. हे काम दर उन्हाळ्यात अक्काचं असायचं. मी तोंड उघडणार, तोच खालून एका बाईचा आवाज आला, "आबा, कोपराम्हा कावळा बसना."

दाजी त्या कोपऱ्याकडे धावले. धापा टाकत परत आले आणि म्हणाले, "खोली चांगली आहे रे तुझी. हवा, पाणी, सगळं आहे. पण तिथं माझ्यावर कोणी ओरडत नाही."

माझे सगळे मुद्दे तयार होते, आवाजही तापवून आणला होता. त्यांनी माझ्या हातात दुसरी काठी दिली. "तू तिकडची बाजू बघ."

ऊन उतरेपर्यंत मी कावळे हाकलले. निघताना शेजारणीने वाळलेल्या बिबड्यांचा डबा दिला. ज्या सीटवर दाजींना बसवून आणायचं होतं, तिथं तो ठेवला. वळणावर डबा सरकला, की माझा हात आपसूक सावरायला जायचा.